भिंत सरकारी, निवड कोणाची?

सरकारी पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्या पाहिजेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर जावे लागले, आणि कोर्टातला झगडा मुंबई हायकोर्टात १९३७ मध्ये संपला. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

आज हे आठवण्याचे कारण तळे नाही, चित्रे आहेत. वाचक म्हणतील, पोटाचे, शिक्षणाचे, अत्याचाराचे प्रश्न समोर असताना वकीलसाहेबांना चित्रांचे काय सुचले? पण ज्या गोष्टीला राष्ट्र आपला ठेवा म्हणते आणि जिच्यासाठी तुमच्याआमच्या करातून पैसा जातो, तिच्यावर आपला हक्क आहे की नाही, हा प्रश्न आमच्या मते तळ्याच्याच जातीचा आहे.

दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये २९ मार्च १९५४ रोजी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. मुंबईत फोर्टजवळच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून आणि बंगळुरात २००९ पासून त्याच्या शाखा आहेत. संग्रह १७,००० कलाकृतींहून मोठा आहे. अमृता शेरगिल, नंदलाल बोस, रवींद्रनाथ ठाकूर, यामिनी रॉय यांची चित्रे तिथे आहेत आणि ती जपली जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांच्या कर्तृत्वाशी आमचे भांडण नाही. नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनीच आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली, हे आम्ही कसे विसरू?

पण असा संग्रह आपोआप वाढत नाही. काही कलाकृती विकत घेतल्या जातात, काही देणगीत येतात. विकत काय घ्यायचे, हे समिती ठरवते. घेतलेल्यातले थोडेच भिंतीवर लागते, बाकीचे गोदामात राहते. कोणते लावायचे, कोणाच्या शेजारी लावायचे आणि खालच्या पाटीवर काय लिहायचे, हेही कोणीतरी ठरवते. समिती, भिंत आणि पाटी अशा तीन ठिकाणी निवड होते, आणि तिन्ही ठिकाणी कोण बसले आहे याला महत्त्व असते.

कायदाच पाहू. १९७२ च्या पुरावशेष व कला-संपदा कायद्यानुसार केंद्र सरकार दिवंगत कलावंताच्या कलाकृतींना कला-संपदा म्हणून जाहीर करू शकते. अशा कलाकृती देशाबाहेर नेता येत नाहीत. हा मान आजवर नऊ जणांना मिळाला : राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, यामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी, निकोलस रोरिक आणि एकाच ठाकूर घराण्यातले रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ. या नऊ नावांत एकही दलित नाही, एकही आदिवासी नाही. रशियात जन्मलेल्या रोरिक यांच्यासाठी जागा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रंग कालवणाऱ्यांसाठी का झाली नाही?

उत्तर सोपे आहे. त्यांच्या कामाला कला म्हटलेच गेले नाही, हस्तकला म्हटले गेले. यामिनी रॉय यांनी बंगालच्या पटचित्रकारांची रेषा घेतली, तिचे मोल ओळखले, हा त्यांचा मोठेपणा. पण ज्यांच्याकडून रेषा घेतली ते कारागीर बिननावाचेच राहिले. नंदलाल बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी चित्रे केली, त्यांत ढोलकी वाजवणारे आहेत, खेड्यातले कष्टकरी आहेत. म्हणजे कष्टकरी माणूस चित्राचा विषय म्हणून राष्ट्रीय संग्रहात शिरला. चित्राचा कर्ता म्हणून त्याने शिरायचे तेव्हा मात्र त्याला दुसऱ्या दाराकडे पाठवण्यात आले. ते दारही दिल्लीतच आहे. आधुनिक कलेचे संग्रहालय संस्कृती मंत्रालयाकडे आणि हस्तकलेचे संग्रहालय वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे! एकाची निर्मिती संस्कृती, दुसऱ्याची उत्पादन. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धांत सरकारी खातेवाटपात इतका स्वच्छ दिसावा, याचे आम्हाला नवल वाटते.

दुसरा रस्ता नव्हता असे नाही. भोपाळचे भारत भवन १९८२ मध्ये उघडले. तिथल्या रूपंकर संग्रहालयासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तरुण विद्यार्थ्यांना मध्य प्रदेशच्या खेड्यापाड्यांत पाठवले. शहरी कलावंत आणि आदिवासी कलावंत एकाच काळाचे आहेत, ही त्यांची भूमिका होती, म्हणून दोघांची कामे एकाच संग्रहालयात आली. याच शोधात पाटणगढचे परधान गोंड तरुण जनगढसिंह श्याम पुढे आले. त्यांनी उघडलेल्या वाटेने आलेल्या दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचे जीवन चित्रांतून सांगणारे ‘भीमायन’ २०११ मध्ये साकारले. एका सरकारी संस्थेने योग्य दिशेने माणसे पाठवली, एवढ्याने किती उगवले पाहा. जनगढसिंह २००१ मध्ये परदेशातल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना गेले. नाव झाल्यावरही आदिवासी कलावंत किती एकटा असतो, हेही त्यातून शिकायचे आहे.

मग आमचे मागणे काय? आम्ही वकिलीत शिकलो की मालमत्तेचा वाद आला की आधी सातबारा मागायचा. इथेही तेच. माहिती अधिकार कायद्याचे, म्हणजे २००५ च्या कायद्याचे कलम ४ सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांचा तपशील आपण होऊन जाहीर करावा, आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही तेही सांगावे. तेव्हा खरेदी समितीवर कोण आहेत, दर वर्षी कोणाच्या कलाकृती किती रकमेला घेतल्या, त्यांत दलित, आदिवासी, भटके-विमुक्त कलावंत किती, आणि घेतलेल्यापैकी भिंतीवर किती लागल्या, हे लोकांना सांगा. जिथे कारागिराचे नाव मिळते तिथे पाटीवर ते लिहा. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मागता येते. आपल्या तरुण वकिलांनी हे अर्ज करावेत.

एक बोट आपल्याकडेही वळवले पाहिजे. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला. त्याला हार घालताना आपल्यापैकी कितीजणांना शिल्पकार बी. व्ही. वाघ यांचे नाव आठवते? मोर्च्यांचे फलक रंगवणारे, विहारातली बुद्धमूर्ती घडवणारे, जयंतीच्या देखाव्यांची चित्रे करणारे आपले कलावंत कार्यक्रम संपला की विसरले जातात. फलक पावसात भिजतो, चित्र अडगळीत जाते. वस्तीतल्या प्रत्येक विहाराने निदान एक वही ठेवावी. कलावंताचे नाव, गाव, वर्ष आणि कामाचा एक फोटो त्या वहीत जपावा. उद्या कुठल्याही समितीपुढे जाऊन आमचे का नाही असे विचारायचे, तर आमचे काय आहे याची यादी आपल्या हातात हवी.

चवदार तळ्याची केस जिंकली गेली ती निव्वळ भावनेवर नाही. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे, हे कोर्टात कागदानिशी उभे राहिले. सरकारी कलासंग्रहही सर्वांचा आहे. त्याचे कागद मागायला आपण सुरुवात करू या.