बारा बोअर म्हणजे रायफल नव्हे
कसालसारख्या सिंधुदुर्गातील गावांत रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्यावर बाळगलेल्या बंदुकीला शहरात सर्रास ‘रायफल’ म्हटले जाते. ही केवळ शब्दांची गफलत नाही. रायफलीच्या नळीत सर्पिल आटे असतात. त्यातून फिरत सुटलेली गोळी दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. बारा बोअरच्या बंदुकीची नळी गुळगुळीत असते. तिचे छर्रे पसरून काहीशे मीटरांतच पडतात. जवळून मात्र दोन्ही प्राणघातकच. ‘बारा’ हा आकडाही ताकदीचा नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यातील एकीचा व्यास तोच नळीचा व्यास. म्हणूनच १६ बोअरची नळी १२ बोअरहून अरुंद असते. निवडणुकीच्या काळात शेतकऱ्यांच्या बंदुका जमा करण्याचा प्रश्न येतो, तेव्हा हा भेद ठाऊक नसेल, तर धोक्याचे मोजमापही चुकते.