सवलत नव्हे, वेसण

जानेवारी सरू लागला की तळेगाव दाभाड्याच्या फुलशेती उद्यानात आणि पवन मावळातील हरितगृहांत गुलाबाच्या तोडणीला वेग येतो. दांडीच्या लांबीनुसार प्रतवारी झालेला माल व्हॅलेंटाइन दिनासाठी विमानाने युरोपला जातो. याच सुमारास एक तक्रारही ऐकू येते: केनिया व इथिओपियाची फुले युरोपात जकातीवाचून उतरतात, आपल्या फुलांना मात्र जकात भरावी लागत आली आहे, म्हणून मावळचा गुलाब मार खातो. वस्तुस्थिती खरी आहे, पण तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष घातक आहे. मावळचा शत्रू नैवाशा सरोवराकाठचा फुलमजूर नव्हे.

केनियाला ही माफी कशी मिळाली, ते पाहावे. व्यापारकरार मुदतीत पुरा झाला नाही, म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपीय संघाने केनियाच्या फुलांवर ८.५ टक्क्यांपर्यंत जकात बसवली. त्याच महिन्यात पूर्व आफ्रिकी देशांनी वाटाघाटी आटोपल्या आणि वर्षअखेरीस जकात उठली. २०१६ मध्ये टांझानियाने सही नाकारली. अल्पविकसित देश म्हणून शस्त्रास्त्रांखेरीज सर्व माल जकातीवाचून पाठवण्याची मुभा त्याला २००१ पासूनच होती. त्यामुळे त्याला नकार परवडला. केनिया त्या यादीत नाही. त्याने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र करार केला व तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. बदल्यात युरोपच्या बहुतांश मालाला टप्प्याटप्प्याने आपली बाजारपेठ खुली करण्याचे बंधन केनियाने पत्करले. ज्याची फुले लवकर कोमेजतात, त्याने वाटाघाटीत किती काळ तग धरावा?

१९६८ मध्ये दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने विकसनशील देशांना परतफेडीची अट न घालता आणि भेदभाव न करता जकात-सवलत द्यावी, हे तत्त्व मान्य केले होते. तो न्यायाचा दावा होता. आज त्याचीच सौदेबाजी झाली आहे. एका गरीब देशाला दिलेली सवलत दुसऱ्या गरीब देशाला चाबूक म्हणून दाखवली जाते.

शिवाय जकात उठली म्हणजे घामाचे मोल मिळते, हाही भ्रमच आहे. गुलाबाच्या अनेक जातींचे स्वामित्व युरोपातील पैदासकारांकडे असते. रोपामागे स्वामित्वशुल्क द्यावे लागते. भावाची दिशा हॉलंडमधील आल्समेरच्या लिलावात ठरते. विमानभाडे उत्पादकाच्या हाती नाही. मग काटकसर कोठे होणार? हरितगृहात राबणाऱ्या बाईच्या रोजात! मावळात आणि नैवाशातही.

यावर म्हटले जाईल की, समाजवाद्यांना व्यापारच नको आहे. व्यापार आम्हांस हवा आहे, पण वेसण घालून घेतलेला नको. आपल्याकडे असे करार संसदेच्या पूर्वसंमतीवाचून होऊ शकतात. ही रीत मोडली पाहिजे. युरोपशी होणाऱ्या प्रत्येक कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेत व विधिमंडळात मांडला जावा. आफ्रिकी देशांशी सवलतीसाठी चढाओढ न करता, १९६८ च्या तत्त्वासाठी त्यांच्यासह संयुक्त आघाडी उभारावी. आणि हरितगृहांत किमान वेतनाची अंमलबजावणी व्हावी.

तळेगाव-वडगावच्या कार्यकर्त्यांनी हे प्रथम फुलमजूर स्त्रियांपर्यंत न्यावे. आफ्रिकेतील भगिनीचा रोज घसरला की आपलाही घसरतो, हे त्यांना पटले, तर ही वेसण तोडण्याची सुरुवात मावळातूनच होईल.