परसातील रंगीत गाजर : आधी माती, मग बियाणे

द्रोणागिरीच्या डोंगराभोवती करंजा, चाणजे, बोकडवीरा, फुंडे, नवघर, पागोटे ही गावे वसली आहेत. पनवेल आणि उरण यांच्या दरम्यानच्या या पट्ट्यात आज शेतापेक्षा परसाचा विचार अधिक गांभीर्याने करावा लागतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मधील शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. या घडामोडींत पुष्कळ कुटुंबांची भाताची खाचरे गेली. घरामागचे चार वाफे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि अळू, कुंपणावरचा वालाचा वेल, एवढीच शेती त्यांच्यापाशी उरली. अशा घरी एखादा वाफा फसला तर नुकसान पैशांत फार नसते; परंतु ज्या गृहिणीने दोन महिने पाणी घातले तिचा परसावरचा विश्वास उडतो आणि पुढल्या वर्षी त्या जागी फरशी घातली जाते.

रंगीत गाजराचा विचार या दृष्टीने झाला पाहिजे. जांभळी, पिवळी, पांढरी, लाल व नारिंगी अशी पाच रंगांची गाजरे एका पाकिटावर शेजारी शेजारी रंगविलेली असतात आणि मिश्र बियांची ती पाकिटे हल्ली सहज विकत मिळतात. चित्र मोहक असते. भाजीपाल्याच्या बियांचे संच घरोघर पोहोचविणे हा परसबाग कार्यक्रमाचा रूढ भाग असल्याने अशी पाकिटेही त्यांत घालावीत, असे एखाद्या उत्साही कार्यकर्त्यास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि द्रोणागिरीच्या परिसरात बी आधी आणि माती मागाहून हा क्रम हमखास अपयशाकडे नेणारा होय.

गाजराचे रंग नवे नव्हेत. हे पीक मुळात मध्य आशियातले. अफगाणिस्तान व इराण या भागांत सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ज्या गाजरांची लागवड होत असे ती जांभळी व पिवळी होती. आज सर्वत्र दिसणारे नारिंगी गाजर त्या मानाने अलीकडचे. ते सोळाव्या-सतराव्या शतकांत हॉलंडकडे रूढ झाले. उत्तर भारतातील लाल व काळी गाजरे पूर्वेकडील जुन्या परंपरेतली आहेत. मराठीत मात्र गाजराला कधी फारसा मान मिळाला नाही. ज्याला पारख नाही त्याला ‘गाजरपारखी’ म्हणतात, आणि वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, अशी जी पुंगी, ती गाजराचीच! गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातही एके काळी गाजर गुरांच्या वैरणीसाठी लावीत. त्यातूनच वल्लभभाई मारवाणिया या शेतकऱ्याने १९४३ च्या सुमारास निवड करण्यास आरंभ केला, ‘मधुबन’ हे गाजर सिद्ध केले, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गाजराची पारख करणे हे हलके काम नव्हे, एवढे यावरून दिसते.

या पट्ट्यात ती पारख गाजरापूर्वी मातीची करावी लागते. उरणची भूमी खाडीची. कित्येक पिढ्या येथे मिठागरे चालली आणि खारबंदिस्तीच्या आडोशाला भात पिकले. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरे व त्या जमिनीचा गोडवा परत येण्यास काही पावसाळे जावे लागत, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. नव्या वसाहतीसाठी ज्या सखल भागांत भराव पडला, तेथे वर मुरूम-दगड आणि खाली खारट चिखल अशी स्थिती आहे. आता गाजर हे भाज्यांतील अत्यंत नाजूक प्रकृतीच्या पिकांपैकी एक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते आणि पुढील प्रत्येक एककास सुमारे १४ टक्के घट येते. बीटाची मर्यादा ४ पर्यंत जाते. ज्या मातीत बीट सुखाने वाढते त्याच मातीत गाजर बोटाएवढे राहते, याचे कारण हेच. त्यात मुरमाचे खडे असले की मुळाला फाटे फुटतात आणि पाच रंगांच्या चित्राऐवजी हाती वेडीवाकडी, चरबट मुळे येतात. दोष बियाण्याचा ठरतो; वस्तुतः ते बियाणे या मातीत कोणी घालावयासच नको होते.

म्हणून परसाची परीक्षा प्रथम व्हावी. विहिरीचे पाणी तोंडास मचूळ लागते काय, वाफा वाळल्यावर वर पांढरी पापडी धरते काय, या दोन खुणा कोणासही पाहता येतात. खात्री करून घ्यावयाची तर मातीचा नमुना परीक्षणास द्यावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथेच आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या ‘पनवेल’ मालिकेतील भाताच्या जाती तेथेच तयार झाल्या. ज्या परसात खारटपणा स्पष्ट आहे तेथे गाजराचा हट्ट सोडावा आणि बीट व पालक घ्यावा. पालक हा बीटाच्याच कुळातला असून तोही खारटपणा बऱ्यापैकी सोसतो. रंगाची हौस बीटानेही भागते.

ज्यांना गाजर घ्यावयाचेच आहे त्यांनी जमिनीवर विसंबू नये. विटांचा अथवा फळ्यांचा दीड फूट उंचीचा चौकोन करून त्यात चाळलेली गोडी माती, थोडी वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. ताजे शेण घातल्यास मुळांना फाटे फुटतात आणि अंगावर केसाळ तंतू येतात. चौकोनासाठी डोंगराच्या उतारावरची माती खणून आणण्याचा मोह काहींना होईल. तो टाळलेला बरा, कारण द्रोणागिरीवर तीन-चार महिने कोसळणारा पाऊस आधीच पुष्कळ माती वाहून नेतो. जुन्या खाचराचा गाळ मिळाल्यास उत्तम. वसाहतीतील इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांना रुंद तोंडाचे पिंप किंवा दुहेरी गोणीही पुरते. मात्र तळाला पाणी जाण्यास वाट हवी.

पेरणीच्या वेळेबाबत या भागात दोन अडचणी परस्परविरुद्ध दिशांनी येतात. गाजराच्या मुळास रंग उत्तम चढतो तो १५ ते २० अंश सेल्सिअस तपमानात. दिल्ली-पंजाबात हिवाळ्यात ते सहज लाभते. येथे पौषातही दुपारी ३० अंशांच्या आसपास उष्मा असतो. तेव्हा थंडीची वाट पाहावी असे वाटते. परंतु मातीतील क्षार पावसाने धुऊन गेलेले असतात ते आश्विन-कार्तिकापर्यंत. पुढे ऊन वाढते, ओल वर चढते आणि तिच्याबरोबर क्षारही पृष्ठभागी येतात. खाडीलगतचे पाणीही उन्हाळ्याकडे अधिक खारट होत जाते. या दोहोंच्या मधला काळ अरुंद आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत बी पडावे आणि फेब्रुवारी सरण्यापूर्वी मुळे निघावीत, हा हिशेब येथे सोयीचा. डिसेंबरात पेरलेले गाजर वाढेल, पण त्याचे शेवटचे महत्त्वाचे दिवस उन्हात आणि खाऱ्या ओलीत जातील.

जातींच्या निवडीतही चित्रापेक्षा हवामानाकडे पाहिले पाहिजे. मिश्र पाकिटातील बरेचसे वाण थंड प्रदेशातले असतात आणि त्यांचे दिवसही निरनिराळे. एक रंग काढणीस येतो तेव्हा दुसरा पेन्सिलीएवढा असतो. त्यापेक्षा उष्ण हवेस सोसणाऱ्या आपल्याकडील जाती स्वतंत्र ओळींत घेणे शहाणपणाचे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने काढलेल्यांपैकी पुसा मेघाली नारिंगी, पुसा रुधिरा लाल आणि पुसा असिता काळी आहे; पुसा वृष्टी ही लाल जात उष्ण व दमट हवेस विशेष सोसते. पहिल्या वर्षी दोनच रंग घ्यावेत. येथील गाजराला उत्तरेकडील झळाळी येणार नाही, हे कार्यकर्त्याने आधीच मोकळेपणी सांगावे.

बी बारीक असते व हळू उगवते. आठवडा-दोन आठवडे काहीच दिसत नाही आणि अधीर माणूस वाफा उकरून पाहतो. रात्रभर भिजविलेले बी राखेत अथवा कोरड्या वाळूत मिसळून एक फुटाच्या ओळींत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे आणि वर ओले गोणपाट अंथरावे. मोड दिसताच ते काढून टाकावे. नंतर विरळणी. या कामी हात आखडता घेतला जातो, कारण उगवलेले रोप उपटणे जिवावर येते. परंतु दोन रोपांत दोन ते तीन इंच अंतर राहिले नाही तर एकही मूळ धड पोसत नाही. ओळींमधून भाताचा पेंढा पसरल्यास ओल टिकते आणि क्षार वर येण्यासही आळा बसतो. पाणी थोडे परंतु नियमित द्यावे. वाफा वाळवून एकदम भरपूर पाणी दिले की गाजरे तडकतात. न्हाणीचे साबण-सोड्याचे पाणी केळीकडेच जाऊ द्यावे. मुळांचे खांदे उघडे पडल्यास माती लावावी, एरवी ते हिरवे व कडवट होतात.

रंगांच्या गुणांबद्दल अतिशयोक्ती फार ऐकू येते. नारिंगी गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते, आणि लहान मुलांच्या डोळ्यांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते याचे. काळ्या-जांभळ्या गाजराचा रंग अँथोसायनिनचा व लाल गाजराचा मुख्यतः लायकोपीनचा. ही द्रव्ये चांगली असली तरी त्यांपासून अ जीवनसत्त्व होत नाही. अंगणवाडीतील बालकांसाठी एकच ओळ घ्यावयाची असेल तर ती नारिंगी गाजराची असावी, आणि शेजारी माठ किंवा शेवग्याचे झाड असावे. गाजर वर्षातून दोन महिने मिळते, शेवग्याचा पाला जवळजवळ बारमाही. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागते, म्हणून कोशिंबिरीस तेलाची फोडणी द्यावी. काळ्या गाजराचे पाणी सुटून सारी भाजी काळवंडते आणि पुष्कळ घरांत ते एवढ्यानेच नापसंत ठरते. त्यावर लिंबू पिळल्यास मात्र रंग लालसर होतो. लोणच्यास ते उत्तम, आणि उत्तरेकडे मोहरी घालून त्याची आंबट कांजी करतात तीही करून पाहण्यासारखी आहे.

वाटलेली पाकिटे मोजता येतात, चाळलेली माती मोजणे अवघड जाते. अहवालाच्या रकान्यात पाकिटेच चढतात, ती याच कारणाने. गावातील दहा घरांना बी देण्याऐवजी जेथे पाणी गोडे आहे अशा दोन घरांत कार्तिकात चौकोन भरून द्यावेत, उरलेल्यांना पालक-बीटाचे बी द्यावे, आणि फेब्रुवारीत गाजरे उपटावयाच्या दिवशी त्या दहाही घरच्या बायकांना वाफ्यापाशी बोलवावे. चौकोन रिकामा झाला की त्यात पेंढा पसरून ठेवावा आणि पहिल्या पावसापूर्वी तळाच्या भोकांतील गाळ काढावा, म्हणजे पावसाळ्यात माती आपोआप धुऊन निघेल.