जुनी मोटार : चकाकीपलीकडची पारख

होंडा सिटी किंवा व्हर्नासारखी मध्यम आकाराची सेडान नवी घेणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. चार-पाच वर्षे वापरलेली मात्र आवाक्यात येते. काटकसरीचा हा मार्ग योग्यच. परंतु रंगाच्या चकाकीला भुलून केलेला सौदा महागात पडतो.

इंजिन थंड असतानाच मोटार सुरू करून पाहावी. मीटरवरील किलोमीटर सर्व्हिसिंगच्या नोंदींशी व पेडलच्या रबराच्या झिजेशी ताडून पाहावेत. टायरवरील निर्मितीचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. सीटबेल्ट पूर्ण ओढावा. टोकाशी चिखलाचे डाग असल्यास मोटार पाण्यात बुडाली असण्याची शंका घ्यावी.

तरीही खरी कसोटी कागदपत्रांची आहे. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, दंड थकला आहे काय, हे आधी पाहावे. राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी, असे मोटार वाहन कायदा सांगतो. आपल्याकडे मात्र ‘नाव नंतर बदलू’ म्हणून वर्षे लोटतात. मोटार विकली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

दोष न लपवता विकणे आणि मुदतीत नोंद करणे, हीही राष्ट्रनिष्ठाच होय. नागरी शिस्तीचा आग्रह धरणाऱ्यांनी तिचा आरंभ स्वतःच्या व्यवहारापासून करावा.