आभाळातला राजवाडा

विमानाच्या खिडकीला कधी महिरप पाहिलीत? एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट १९७१ साली आलं, 'एम्परर अशोक' नावाचं. खिडकी-खिडकीभोवती लाल रंगात झरोका रंगवलेला! रंग काय, पुन्हा देता येतो. पण वय? विमानाचं वय नुसत्या वर्षांत नाही, उड्डाणांतही मोजतात बरं का. वर जाताना आतला हवेचा दाब राखावा लागतो, त्यानं विमानाचं अंग किंचित फुगतं. उतरलं की पूर्ववत. असं हजारो वेळा झालं की पत्रा थकतो. लांब पल्ल्याचं विमान तासन्‌तास उडतं, पण चढ-उतार कमी, म्हणून बरंच टिकतं. जंबोला नडली ती चार इंजिनांची भूक! २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या जंबोनं मुंबईहून शेवटची झेप घेतली, आणि पंख हलवून टाटा केला.