निवृत्तीनंतर मळ्यांत राहावें काय ?

नोकरी संपली म्हणजे मळ्यांत जाऊन राहावें, विहिरीच्या ताज्या पाण्यानें स्नान करावें, घरचें दूध प्यावें आणि उरलेले दिवस स्वच्छ हवेंत काढावे, हा बेत आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरांतून नोकरीस गेलेल्या बहुतेक प्रत्येक माणसानें केव्हां ना केव्हां केलेला असतो. नाशिकरोडच्या मुद्रणालयांत, ओझरच्या विमान कारखान्यांत, रेल्वेंत किंवा शाळाखात्यांत तीस-पस्तीस वर्षें काढून कित्येकजण या बेताप्रमाणें गांवीं परतलेही आहेत. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक होय. आतां तो बेत फिरवावा कीं काय, असा प्रश्न त्याच्यापुढें उभा आहे, आणि तो त्याच्या एकट्याचा नसल्यामुळें या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

मळ्याच्या हवेवरची ही श्रद्धा आम्हांस कोठून मिळाली, याचा प्रथम थोडा विचार केला पाहिजे. ती निराधार नव्हती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला आणि पुढें त्याच्या साथी सर्वत्र पसरल्या, तेव्हां लोक गांव ओस टाकून शेतांत झोपड्या बांधून राहात, आणि त्यांतले पुष्कळ त्यामुळें वांचत. क्षयावर तर हवा, दूध आणि विश्रांति यांवांचून दुसरा उपायच नव्हता. म्हणून मुंबईचे लोक देवळालीस येऊन राहात व तेथें आरोग्यधामें उभीं राहिलीं. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढें क्षयावर औषध मिळूं लागलें, आणि आरोग्यधामांचें तें महत्त्व ओसरलें. तोंवर मात्र रोग्यानें शहर सोडणें हाच औषधोपचार होता.

आज उतारवयांत माणसाच्या मागें लागणारे रोग निराळे आहेत. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनें बंद पडली, तर गुठळी विरघळविणारें इंजेक्शन बारा तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि पहिल्या एक-दोन तासांत दिल्यास त्याचा गुण सर्वांत अधिक येतो. जसजसा उशीर होतो तसतसा हृदयाचा अधिकाधिक भाग कायमचा निकामी होतो. पक्षाघातांत ही मुदत साडेचार तासांचीच. शिवाय आधीं सी. टी. स्कॅन काढून मेंदूंत रक्तस्राव नाहीं याची खात्री करून घ्यावी लागते, कारण रक्तस्राव असतां तेंच इंजेक्शन घातक ठरतें. मूत्रपिंडें निकामी झालीं तर आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास, डायलिसिसच्या यंत्राशेजारीं पडून राहावें लागतें. पूर्वींच्या रोग्यास हवा पाहिजे असे. आतांच्यास वेळ पाहिजे, आणि आमचे मळे हवेच्या बाबतींत जितके श्रीमंत तितकेच वेळेच्या बाबतींत दरिद्री आहेत.

मी २०१७ सालीं शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त होऊन कळवण तालुक्यांतील वडिलार्जित मळ्यांत राहावयास गेलों. नाशिकची राहती जागा विकून आलेल्या पैशांतून डाळिंबाची बाग, ठिबक आणि दोन खोल्यांचें घर झालें. सहा वर्षें चांगलीं गेलीं. बागेवर तेल्या पडला तें एक वर्ष सोडल्यास तक्रारीस जागा नव्हती. २०२३ च्या भाद्रपदांत एके रात्रीं एकच्या सुमारास छातींत कळ आली आणि अंगास दरदरून घाम सुटला. मीं तें पित्त समजून ओवा चावला व अर्धा तास फुकट घालविला. हें येथें मुद्दाम लिहितों, कारण असा अर्धा तास ओव्यावर घालविणारे आमच्यांत पुष्कळ आहेत. शेवटीं घरांतून शेजारच्या मळ्याकडे हांक गेली, आणि तेथला तरुण, 'आबा, तुम्ही बोलू नका, नुसते टेकून बसा,' असें म्हणत आपली पिकअप गाडी घेऊन आला. पाणंदींतल्या चिखलांत चाक एकदां रुतलें. ज्या दवाखान्यांत प्रथम पोंचलों तेथें ई. सी. जी. चें यंत्र होतें. तें चालविणारा त्या रात्रीं नव्हता. मग दुसऱ्या एका डॉक्टरांस झोपेंतून उठविलें. त्यांनीं आलेख काढून इंजेक्शन दिलें तेव्हां साडेतीन वाजून गेले होते. नाशिकला पोंचेपर्यंत उजाडलें, आणि दुसऱ्या दिवशीं स्टेंट बसविण्यांत आला.

मी वांचलों. हृदयाची शक्ति मात्र पूर्ववत् राहिली नाहीं. कांद्याची गोणी पाठीवर घेणारा माणूस आतां विहिरीकडची चढण चढतांना दोनदां थांबतो. घरीं सोडतांना डॉक्टरांनीं विचारलें, 'तुम्ही राहता तिथून इथवर यायला किती वेळ लागतो ?' मीं सुमारें ऐंशी किलोमीटर म्हणून सांगितलें. त्यांनीं किलोमीटर विचारले नव्हते.

किलोमीटर आणि वेळ यांतला भेद आमच्या रस्त्यानें जाणारास चांगला ठाऊक आहे. नांदुरी, वणी, दिंडोरी या मार्गानें कोरड्या दिवशीं दोन तासांत नाशिक गांठतां येतें. परंतु चैत्रांत सप्तशृंगीच्या यात्रेस खानदेशांतून पायीं निघालेल्या लोकांनीं रस्ता भरला, किंवा कांद्याच्या हंगामांत बाजारसमितीकडे ट्रॅक्टरांची रांग लागली, म्हणजे तोच रस्ता दुप्पट लांब होतो. यात्रा बंद करा किंवा कांदा विकूं नका असें कोण म्हणेल ?

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. भोर समितीनें १९४६ सालीं दिलेल्या अहवालांत दर चाळीस हजार वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें असें सुचविलें होतें. आजचें प्रमाण मैदानी भागांत तीस हजारांस एक व डोंगरी आणि आदिवासी भागांत वीस हजारांस एक असें ठरलेलें आहे. २०१४ पासून आपल्या राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. २०२४ च्या ऑक्टोबरापासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखालीं कुटुंबामागें वर्षास पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचें कार्ड मिळूं लागलें. (प्रस्तुत लेखकास सत्तरी गांठावयास अद्याप थोडा अवकाश आहे.) यांचा उपयोग मोठा आहे. परंतु कार्ड खर्च भागवितें, रस्ता तोडीत नाहीं. खिशांत कार्ड असलेला म्हातारा आणि नसलेला म्हातारा दोघेही नांदुरीच्या घाटांत सारखाच वेळ घेतात.

मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : 'बाबा, दुसऱ्या वेळी इतका अवधी मिळेलच असं नाही.' यावर घरांतून उत्तर येतें, 'अहो, इथं हाक मारली तर चार मळ्यांतली माणसं उठतात. तिथं शेजारच्या दाराआड कोण राहतं हेसुद्धा कळत नाही.' मला दोघांचेंही म्हणणें खरें वाटतें, आणि म्हणूनच दोन वर्षें निर्णय झाला नाहीं. त्या रात्रीं मला वांचविणारें पहिलें साधन इंजेक्शन नव्हे, तो शेजारचा तरुण होय, ही गोष्ट शहराची शिफारस करणारांनीं विसरूं नये. दिवसभर बंद दाराआड बसणारे, जिना उतरवत नाहीं म्हणून फिरणें सुटलेले आणि त्यामुळेंच खंगत गेलेले आमचे किती तरी जुने सहकारी नाशिकमध्यें मीं पाहिले आहेत. गांवांत माणसें आहेत आणि यंत्र नाहीं. शहरांत यंत्र आहे, त्याजवळ वेळेवर नेणारें माणूस असेलच असें नाहीं.

तथापि एका बाबतींत वादास जागा नाहीं. ज्यास डायलिसिस लागूं झालें, किंवा ज्याचें हृदय एकदां दगा देऊन चुकलें, त्यानें दूरच्या मळ्यांत एकट्यादुकट्यानें राहण्याचा हट्ट धरूं नये. तो हट्ट त्याचा एकट्याचा राहात नाहीं. त्याची झोप घरांतल्या बाईस आणि शेजाऱ्यास जागून काढावी लागते. मीं स्वतः तो हट्ट दोन वर्षें धरला, तेव्हां दुसऱ्यास दोष देण्याचा मला अधिकार नाहीं.

जे अद्याप निवृत्त व्हावयाचे आहेत, त्यांस मात्र एक सांगावेंसें वाटतें. नवीन मळा घेतांना आपण विहिरीचें पाणी वैशाखांत पाहतों, श्रावणांत पाहात नाहीं. घर बांधण्यापूर्वीं रुग्णालयाचा रस्ताही असाच पाहावा : पावसाळ्यांत, मध्यरात्रीं, स्वतः गाडींत बसून, घड्याळ हातांत धरून. वाटेंत कोणत्या दवाखान्यांत रात्रीं आलेख काढतां येतो आणि इंजेक्शन मिळतें, तें विचारून लिहून ठेवावें. हें मीं केलें असतें तर पाणंदीच्या तोंडाशीं, सडकेलगत घर बांधलें असतें आणि नाशिकची जागा विकली नसती. ती जागा आज त्याच पैशांत मिळावयाची नाहीं.

शहरांत परत जाणारानें उलट बाजूचीही एक चूक टाळावी, ती म्हणजे जमीन विकून टाकणें. आमच्या राज्यांत १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. सातबाऱ्यावरचें नांव सर्वस्वीं गेलें म्हणजे पुन्हां तें लावून घेणें फार जड जातें, आणि त्याचा त्रास मुलांनाही पडतो. वाट्यानें द्यावी, परंतु लिहून द्यावी. कुळ लागेल या धास्तीनें आमच्याकडे असे व्यवहार तोंडी करण्याची चाल आहे, आणि बहुतेक तंटे त्यांतूनच उद्भवतात.

आतां प्रश्नाची दुसरी बाजू. माझ्यासारख्या पेन्शनराला नाशिकचा पर्याय तरी आहे. ज्याचें सारें आयुष्य त्याच मळ्यांत गेलें, ज्याला पेन्शन नाहीं आणि शहरांत नोकरी करणारा मुलगाही नाहीं, त्यानें कोठें जावें ? त्याच्याकरितां यंत्र गांवाजवळ आलें पाहिजे, आणि तें आणणें शेतकऱ्यांच्या शक्तीबाहेरचें नाहीं. १९१४ सालीं स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजानें १९९० सालीं आडगांव येथें वैद्यकीय महाविद्यालय उघडलें. प्रवरेच्या साखर कारखान्याच्या परिसरांत लोणीसारख्या खेड्यांत १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. कळवणसारख्या ठिकाणीं इतक्या मोठ्या गोष्टीची गरजही नाहीं. आलेख काढणारा एक माणूस, तो वाचणारा डॉक्टर, आणि कपाटांत मुदत न संपलेलें इंजेक्शन, हीं तीन दर रात्रीं हजर असलीं तरी पुरे. इमारतींचीं उद्घाटनें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आणि हारही घातले. माझ्या मतें आपल्या संघानें येत्या वार्षिक सभेंत नवीन गोदामाच्या ठरावाआधीं तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांतल्या रिकाम्या जागांची यादी मागवावी, आणि ती दर तिमाहीस याच मासिकांत छापावी. खतांचे आणि कांद्याचे भाव आपण छापतों, त्यांच्याच शेजारीं ती शोभेल.

माझ्यापुरता निर्णय झाला आहे. गुढीपाडव्यापासून बाग वाट्यानें त्या शेजारच्या तरुणाकडे दिली जाईल; कागद तयार आहे. पंचवटींत तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या पाहिल्या आहेत. पौषापासून होळीपर्यंत, हवा कोरडी आणि रस्ता बरा असतो तोंवर, मुलगा सुटीवर असेल त्या दिवसांपुरतें मळ्यांत यावें, असा विचार आहे. म्हैस विकावयाची नाहीं, ही घरांतली अट आहे. ती शेजाऱ्याच्या गोठ्यांत राहील आणि तूप एस. टी. नें नाशिकला येईल. ही व्यवस्था कितपत टिकते, तें पुढच्या वर्षीं कळवूं.