आकड्याची छाट

सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्री दिवसभर वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत नेऊन देते, तेव्हा तपासणारा त्यांतून काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. हजारामागे पन्नास विड्या अन्यायाने छाटल्या गेल्या तर ती स्त्री गप्प बसत नाही. ती भांडते, शेजारणीला साक्षीला बोलावते, युनियनच्या कचेरीत येते. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांचा वाद अधिकाऱ्यापुढे नेऊन सोडविण्याची तरतूद झाली, ती अशा भांडणांमुळेच. हिशेब तिला कोणी शिकवावा लागला नाही.

परंतु त्याच घरातून, त्याच दिवशी संध्याकाळी, दहा रुपये आकड्यावर लागतात. तेथे हजारामागे किमान शंभराची छाट होते. तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नाही, मोर्चा तर दूरच. हे असे का होते, याचा विचार कार्यकर्त्यांनी शांतपणे केला पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. मटक्यात शून्य ते नऊ या दहा अंकांपैकी एक अंक निघतो. एका अंकावर पैसे लावणाऱ्यास जिंकण्याची संधी दहांत एक. प्रचलित दर मात्र एका रुपयास नऊ रुपये. दहा माणसांनी दहा अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जमा होतात आणि नऊ परत जातात. उरलेला एक रुपया बुकीचा. जोडीचा आकडा शंभरांत एक, आणि दर साधारणतः ऐंशी ते नव्वद. म्हणजे तेथे शंभरातले दहा ते वीस रुपये खेळाआधीच गेलेले असतात. आकडा प्रामाणिकपणे निघतो असे गृहीत धरून केलेला हा हिशेब आहे. ज्या अंकावर कमी पैसे लागले तोच अंक ‘काढला’ जात असेल, तर मग हिशेबच संपला.

दहा टक्के ही छाट कोणास फार वाटणार नाही. पण जिंकलेले पैसे घरी कोण नेतो? ते दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चिठ्ठीवर लागतात. प्रत्येक फेरीला दहावा हिस्सा गळतो. शंभर माणसांनी मिळून लावलेली रक्कम अशी सात वेळा फिरली, की सरासरीने तिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम बुकीच्या घरी पोचते. दहा वेळा फिरली की शंभरातले जेमतेम पस्तीस रुपये उरतात. संसार असा फेरीफेरीने रिकामा होतो.

दुसरा भ्रम याहून चिवट आहे. जोडीची संधी शंभरांत एक, तेव्हा शंभर दिवस तोच आकडा धरला तर तो एकदा लागणारच, असे भले भले लोक मानतात. गणित तसे सांगत नाही. शंभर माणसांनी शंभर दिवस नेमाने एकेक जोडी लावली, तर सरासरीने सदतीस जणांना त्या शंभर दिवसांत एकदाही काही मिळणार नाही. तीच गोष्ट ‘थकलेल्या’ आकड्याची. महिनाभर सात आला नाही, म्हणून उद्या तो यावयास बांधलेला नाही. उद्याही त्याची संधी दहांत एकच. काल काय निघाले हे पत्त्यांना ठाऊक नसते, आणि मागील निकालांचे तक्ते विकत घेऊन रात्री जागविणाऱ्यास ते सांगावयास कोणी जात नाही. सत्तेचाळीस लावला आणि अठ्ठेचाळीस निघाला, की ‘एका घराने हुकला’ असे म्हणतात. वस्तुतः हुकणे म्हणजे हुकणे. एका घराने हुकला काय आणि पन्नास घरांनी हुकला काय, हाती येणारे पैसे तितकेच. शिवाय ज्याचा आकडा लागतो तो चौकात पेढे वाटतो. ज्याचा लागत नाही तो मुकाट्याने घरी जातो. म्हणून चौकात फक्त जिंकलेल्यांचीच संख्या दिसते.

मटक्याचा जन्म कापसातून झाला, हे सोलापूरसारख्या सूतगिरण्यांच्या आणि मागांच्या शहराने विशेष लक्षात ठेवावे. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे उघडते व मिटते भाव मुंबईस तारेने येत, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेथूनच आले. ते भाव येणे बंद झाल्यावर 1960 नंतरच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढण्याची पद्धत रूढ झाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे गिरणगावात घरोघर पोचली. ज्या कापसावर कामगार दिवसा घाम गाळीत होता, त्याच कापसाच्या नावाने त्याची मजुरी संध्याकाळी परत घेतली जात होती.

मटका बेकायदेशीर आहे. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. पण शासनाच्या लॉटरीचे काय? येथे आम्हां समाजवाद्यांना आपल्याच घरात डोकावणे भाग आहे. स्वतंत्र भारतातील पहिली राज्य लॉटरी 1967 साली केरळने सुरू केली, आणि ती सुरू करणारे अर्थमंत्री पी. के. कुंजू हे संयुक्त समाजवादी पक्षाचे होते. महाराष्ट्राने 1969 साली तोच मार्ग धरला. लोक पैसे लावणारच, तर ते मटकेवाल्याच्या तिजोरीत जाण्याऐवजी लोककल्याणाच्या कामी यावेत, हा युक्तिवाद तेव्हा प्रामाणिकपणे केला गेला. लॉटरीचा निकाल उघड्यावर लागतो, हिशेब तपासला जातो, विकणाऱ्या अपंग बांधवांना आणि विधवा भगिनींना दोन पैसे मिळतात, हेही खरे. त्या विक्रेत्यांना पर्यायी उद्योग दिल्यावाचून लॉटरी बंद करा असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

तरीही हिशेब हिशेबच असतो. समजा, दहा रुपयांची दहा लाख तिकिटे खपली आणि एक कोटी रुपये जमले. त्यांतून छपाई, विक्रेत्यांचे कमिशन, कर आणि शासनाचा नफा वजा जाऊन पन्नास लाखांची बक्षिसे वाटली, तर दहा रुपयांचे तिकीट घेताक्षणी पाच रुपयांचे होते. विडीच्या भाषेत हजारामागे पाचशेची छाट! 22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवरील वस्तू व सेवा कर तर 40 टक्क्यांवर गेला आहे. हा कर कोण भरतो? ज्याच्याजवळ स्वप्नाखेरीज काही उरलेले नाही, तो भरतो. श्रीमंताकडून उत्पन्नावर घ्यावयाचा पैसा गरिबाकडून त्याच्या आशेवर घेणे, याला लोककल्याण म्हणता येत नाही.

आणि ते कोटींचे पहिले बक्षीस? एकोणपन्नास आकड्यांतून सहा बरोबर निवडावयाचे अशा खेळात एकूण 1,39,83,816 प्रकारचे संच होतात आणि त्यांतला एकच खरा ठरतो. 2011 च्या जनगणनेत सबंध सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 43 लाख होती. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतची सारी माणसे, आणि असे आणखी दोन जिल्हे, एका मैदानात उभे करावेत, डोळे बांधून एकाच्या खांद्यावर हात ठेवावा, आणि तो माणूस आपणच असावे, अशी ही आशा आहे. संधी प्रत्यक्षात याहूनही थोडी कमीच.

एवढे कळूनही माणूस तिकीट का घेतो? तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. यंत्रमागावर आठवड्यातले चार दिवसच काम असते, मुलीचे लग्न तोंडावर येते, सावकाराचे व्याज थांबत नाही. रोज दहा रुपये बाजूला टाकले तर वर्षअखेर 3,650 रुपये होतात. त्याला हवे असतात लाख. काटकसरीच्या वाटेने लाखापर्यंत पोचण्यास त्याचे आयुष्य पुरत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून ‘जुगार हे पाप आहे’ असे त्याला व्यासपीठावरून सांगणे व्यर्थ आहे. त्याचे दुःख खरे आहे, फक्त औषध खोटे आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक लॉटरीच्या तिकिटावर एकूण तिकिटे किती, पहिल्या बक्षिसाची संधी कितीत एक, आणि रुपयातले किती पैसे बक्षीसरूपाने परत जातात, हे मराठीत ठळक छापले जावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. एका अंकावर बक्षीस देण्यास 1998 च्या लॉटरी नियमन कायद्याने मनाई केली आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 साली बंदी आणली. जे शासन इतके करू शकते, त्याला चार ओळी छापणे अवघड नाही. दुसरी गोष्ट, चाळीत आणि वस्तीत अडीअडचणीला बिनव्याजी किंवा अल्प व्याजाने हजार-पाचशे रुपये देणारे बचतगट उभे करणे. सावकाराचा तगादा कमी झाला की आकड्याची ओढही काही अंशी कमी होते. आणि तिसरी, सर्वांत सोपी म्हणून सर्वांत टाळली जाणारी: आपल्या स्वतःच्या कचेरीत, आपल्या चहाच्या टपरीवर, निवडणुकीच्या धामधुमीत कोणी चिठ्ठी फिरवीत असेल, तर ती तेथेच थांबविणे.

विड्यांच्या छाटीविरुद्ध लढताना आपण कामगारांना वेगळे गणित शिकविले नव्हते. त्यांना येणारे गणित कायद्यापुढे मांडण्याचे धैर्य दिले होते. आकड्याच्या छाटीचे गणितही तितकेच सोपे आहे. ते खडूने फळ्यावर मांडावे, आणि पुढच्या वस्तीसभेत त्या विडी कामगार भगिनीलाच ते सर्वांना समजावून सांगावयास उभे करावे.